गुलाब प्रॉम्प्टरचं गप्प बसणं

नाकाडोंगरीचे गुलाब सुखदेवे दिवसा वनखात्याच्या रोपवाटिकेत पिशव्यांत माती भरतात. दिवाळी ते होळी या काळात बोलावणं येईल तिथं नाटकाला प्रॉम्प्टर म्हणून उभे राहतात. आमच्याकडे मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा, भरली की गावाला नाटक लागतं, आणि नाटक म्हटलं की नट लागतात. नटाला पार्ट पाठ असावा अशी मात्र अट नसते. कुणी तुमसरहून दुपारी मोटरसायकलीवर येतो, कुणी आदल्या दिवशी दुसऱ्या गावात दुसऱ्याच मुलीचा बाप झालेला असतो. अशांना तीन अंक उभं ठेवण्याचं काम विंगेतल्या माणसाचं. हातात वही, पायात चप्पल नाही, आणि आवाज असा की नटाच्या कानात पोचावा पण पुढं सतरंजीवर बसलेल्या पोरांना कळू नये. गुलाबभाऊंच्या या आवाजाची तुमसर-मोहाडी पट्ट्यात ख्याती आहे. म्हणजे नटांमध्ये. लोकांनी तो कधी ऐकलेला नाही. ऐकला असता तर ख्याती झाली नसती.

सव्वीस वर्षांत त्यांनी या कामातून एकच तत्त्व काढलं आहे. "अडल्यावर वाक्य देनं म्हनजे उशीर झाला समजा. नट अडनार हे त्याच्या गळ्यावर आधीच दिसते. तवाच द्या लागते."

तत्त्व चांगलं होतं. फक्त ते त्यांनी घरी आणलं.

रुचिता ही त्यांची एकुलती मुलगी. ती सात-आठ वर्षांची असताना दुपारी बोडीच्या पाळीवर चढून हाक मारायची, "बाबाऽ, जेवाले याऽ!" बोडी म्हणजे गावाचं लहान तळं, पाळ म्हणजे त्याचा बांध; तिथून रोपवाटिका चांगली दोन-तीनशे पावलं. तरी हाक पोचायची. बरोबरची माणसं हातातली माती झटकून म्हणायची, "चला, सुखदेवेचा भोंगा वाजला." गुलाबभाऊ रागावल्यासारखं करायचे. मनातून त्यांना त्या हाकेचा फार अभिमान होता, कारण ज्या माणसानं उभं आयुष्य कुजबुजण्यात घातलं त्याच्या घरात असा आवाज यावा, हे त्यांना निसर्गाचं काहीतरी देणं वाटायचं.

बाराव्या वर्षी चौदा एप्रिलला विहाराच्या अंगणात रुचिताचं भाषण होतं. तिसऱ्या परिच्छेदाशी ती थांबली. किंवा थांबणार होती. गुलाबभाऊ बाजूलाच उभे होते; त्यांना तिच्या गळ्यावर दिसलं आणि त्यांनी वाक्य दिलं. त्या वर्षी मंडळानं माईक नवा घेतला होता, आणि दुर्दैवानं तो चांगला निघाला. मुलीचं वाक्य सगळ्या वस्तीनं बापाच्या आवाजात ऐकलं. लोक हसले. त्यात वाईट काही नव्हतं, आपल्याच माणसाला हसतात तसं. रुचितानं भाषण पुरं केलं, उत्तेजनार्थ बक्षीस म्हणून एक कंपासपेटी घेतली आणि घरी येऊन जेवली. आठ दिवसांत सगळे विसरले, दोघं सोडून.

त्यानंतर तिचा आवाज एकदम गेला नाही. एकेक जागा सोडत गेला. आधी स्टेज, मग वर्ग, मग दुकान, मग घरी आलेले पाहुणे. सोळाव्या वर्षापर्यंत ती फक्त घरात बोलायची, तेही आई देवकाबाईशी आणि आजी बायजाबाईशी, हळू. बाहेर कुणी काही विचारलं की छाती धडधडायची, तळहात ओले व्हायचे, घसा बंद. दुसऱ्या दिवशी कुणाला एक वाक्य बोलायचं असेल तर ते ती आदल्या संध्याकाळपासून मनात घोकायची, आणि वेळेवर ते सापडायचं नाही. तेव्हा गुलाबभाऊ होतेच. दुकानात तेच मागायचे, मावशीच्या फोनवर तेच सांगायचे, "हव, बरी आहे, अभ्यास करून राहिली." बसमध्ये कुणी तिला नाव विचारलं तरी नाव ते सांगायचे.

नातेवाइकांनी आपापली निदानं केली. एकानं रक्त कमी सांगितलं. दुसऱ्यानं तिला छातीचा कागद, म्हणजे ईसीजी, काढायला नेलं. कागद छान आला. बऱ्याच जणांना तर यात आजारापेक्षा गुणच दिसला. मुलगी बोलत नाही, उलट उत्तर देत नाही, सासरी चांगली नांदेल, असं म्हणणाऱ्यांत तिच्या दोन आत्या होत्या.

हे सगळं असंच चाललं असतं, पण अकरावीला ती तुमसरच्या कॉलेजात गेली आणि तिथं हजेरी होती. सर नंबर पुकारतात, मुलं "येस सर" म्हणतात. रुचिताचा नंबर एक्केचाळीस. तिसावा नंबर पुकारला की तिचे कान गरम व्हायचे, आणि एक्केचाळीस आला की तिच्या तोंडून नुसती हवा निघायची. सर थोडं थांबून फुली मारायचे आणि पुढं जायचे. वर्गात साठ मुलं, त्यांचंही चुकत नव्हतं. शेजारी बसणाऱ्या गुड्डीनं काही दिवस तिच्या नावानं "येस सर" म्हणून पाहिलं. सरांनी आवाज ओळखला आणि दोघींना उभं केलं. मग गुड्डीनंही सोडलं. रोज पहाटे उठून, बस धरून, पहिल्या तासाला पहिल्या बाकावर बसून रुचिता गैरहजर राहत होती. ऑगस्टात घरी पत्र आलं. हजेरी अशीच राहिली तर वार्षिक परीक्षेला बसता येणार नाही.

गुलाबभाऊंनी पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि कॉलेजात जाऊन सरांना म्हणाले, "सर, तिच्या वतीनं मी रोज सकाळी फोन केला तर चालन का?"

सर म्हणाले, नाही चालणार. आणि त्यांनीच भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात किशोरवयीन मुलांसाठी समुपदेशक बसतात, हे सांगितलं.

ती खोली लसीकरणाच्या खोलीला लागून आहे. तिकडची बाळं इतकी मोठ्यानं रडतात की इकडच्या मुलांचं न बोलणं त्यात झाकून जातं. समुपदेशक होत्या पटले मॅडम, तुमसरकडच्याच, कंत्राटी. त्यांनी रुचिताला नाव विचारलं, मग शाळा, मग झोप, जेवण, छातीची धडधड कधी होते, काय वाटतं. वीस मिनिटांनी पेन खाली ठेवलं.

"भाऊ, मी चौदा प्रश्न विचारले. तुम्ही चौदा उत्तरं दिलीत."

"हव जी. काही राहिलं का?"

"प्रश्न तुम्हाला नव्हते."

गुलाबभाऊंनी मुलीकडं पाहिलं. मुलगी टेबलाकडं पाहत होती. "थे बोलत नाही ना मॅडम. म्हनून तर आलो."

मॅडमनी मग समजावून सांगितलं, आणि बरंच चांगलं सांगितलं. हा हट्ट नाही, लाज नाही. चिंतेचा आजार आहे, या वयात पुष्कळ मुलांना होतो आणि बरा होतो. चार माणसांपुढं बोलायची वेळ आली की तिच्या शरीराला वाघ दिसतो. तेवढ्यात कुणी तिच्याऐवजी बोललं की वाघ जातो. पण शरीर एवढंच शिकतं की, आपण बोललो नाही म्हणून वाचलो. पुढच्या वेळी वाघ थोडा मोठा येतो.

"म्हनजे मी वाघाले चारून राहिलो?"

"मायेनंच. पण हो."

गुलाबभाऊंनी मग विहाराच्या अंगणातली ती गोष्ट काढली. माईकची. मॅडम म्हणाल्या, एका प्रसंगानं असं होत नसतं. मुळात स्वभाव असतो, घर असतं, शाळा असते. भाऊंनी मान हलवली. त्यांचा विश्वास बसला नाही. तो प्रसंग त्यांनी स्वतःकडं ठेवून घेतला होता आणि तो कुणी वाटून घ्यावा असं त्यांना वाटत नव्हतं.

बापाला एकच काम दिलं गेलं. तिला कुणी काही विचारलं की बोलायचं नाही. मनात दहा मोजायचे.

"दहा लय होते जी. स्टेजवर तीन झाले का पब्लिक शिट्ट्या मारते."

"इथं पब्लिक नाही."

मानसोपचाराच्या डॉक्टरांनीही तपासलं. गोळ्या लागल्या तर देऊ, आधी हे करून पाहा, म्हणाले. मॅडमनी वहीत एक शिडी काढली, आठ पायऱ्यांची. खालची पायरी, गावातल्या दुकानात जाऊन एक वस्तू तोंडानं मागणं. मग चक्कीवर, मग बसच्या कंडक्टरला, असं चढत सगळ्यात वर वर्गातली हजेरी. दर वेळी भीती दहापैकी किती, आधी आणि नंतर, ते लिहायचं. भीती गेल्यावर बोलायचं नाही. भीती असताना बोलायचं, म्हणजे ती जाते.

पहिल्या तीन पायऱ्या रुचिता सहा आठवड्यांत चढली. वहीत खुणा होत्या. मॅडम खूश झाल्या. गुलाबभाऊ तर फारच. ते आता खरोखर गप्प बसत होते. कुणी मुलीला काही विचारलं की छतात पाहून ओठ न हलवता मोजत.

चौथ्या भेटीला मॅडमनी त्यांना बाहेर बसायला सांगितलं. ते बाकावर बसले. शेजारच्या खोलीत एक बाळ रडत होतं, ते गप्प व्हावं म्हणून गुलाबभाऊ इतके उतावीळ झाले की बाळाच्या आईनं त्यांना आजोबा समजून हसून पाहिलं. दार बंद होतं. काही ऐकू आलं नाही. अर्ध्या तासानं मॅडमनी त्यांना आत घेतलं आणि रुचिताला बाहेर पाठवलं.

"आज ती बोलली. पुरं वाक्य बोलली."

भाऊ उभेच राहिले. "काय बोलली जी?"

"'बाबांनी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलंय.'"

तसंच होतं. गुलाबभाऊंनी तोंड बंद ठेवलं होतं. बाकी नाटक त्यांनी नीट बसवलं होतं. दुकानदार डोमाला सांगून ठेवलं होतं, पोरगी येईल, चहापत्ती मागेल, तिच्या गळ्याकडं पाहून दे. चक्कीवाल्याला सांगितलं होतं. नाकाडोंगरीच्या बसचा कंडक्टर ओळखीचा, त्यालाही. रुचिता दुकानासमोर उभी राही, तोंड उघडायच्या आत डोमा पुडा पुढं करी आणि वर म्हणे, "हे घे माय, चहापत्ती." मुलगी पुडा घेऊन येई आणि वहीत खूण करी. सगळं गाव आपापला पार्ट चोख करत होतं. जिच्यासाठी नाटक होतं तिला एकही वाक्य नव्हतं.

मॅडमना वाटलं, माणूस आता शरमेल, निदान काही खुलासा करेल. गुलाबभाऊ म्हणाले, "आवाज कसा होता?"

"कसा म्हणजे?"

"मोठा होता का? म्हनजे... लहानपनी थे बोडीच्या पाळीवरून..."

"मोठा नव्हता," मॅडम म्हणाल्या. "स्पष्ट होता. अजून एक म्हणाली ती. म्हणाली, 'बाबा बाजूला असले की मले माझं वाक्य आठवतच नाही.'"

चार वर्षांनी मुलगी घराबाहेर बोलली, ती त्यांच्याचविरुद्ध बोलली, आणि ते बाहेर बसून दुसऱ्याचं बाळ गप्प होण्याची वाट पाहत होते. परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी, ते शेजारी. एकदा म्हणून दाखव, एवढंच त्यांना मागायचं होतं. तीच तक्रार, तेच शब्द, हवं तर शिव्या घालून. तुमसर येईपर्यंत त्यांनी मागितलं नाही, आणि तुमसरला बस बदलायची होती.

देवकाबाईंना घरी सगळं कळलं. त्या तांदूळ निवडत होत्या. सूप न थांबवता म्हणाल्या, "नाटकातल्या त्या कैलाशले तुमीच शिव्या देता ना, पार्ट पाठ करत नाही म्हनून?"

"देतो. मंग?"

"तो काहून पाठ करन जी? तुमी आहा ना उभे."

दुसऱ्या दिवशी गुलाबभाऊ पुन्हा गावभर फिरले, उलट सांगायला. डोमा वैतागला. "आधी म्हनते दे, आता म्हनते नोको देऊ. या नाटकाचा डायरेक्टर कोन आहे गा?"

"मागितल्याबिगर देऊ नोको, एवढंच."

"आनि नाही मागितलं तं?"

"तं नाही."

पहिल्या दिवशी रुचिता दुकानासमोर उभी राहिली आणि रिकाम्या हातानं परत आली. वहीत आधी नऊ, नंतर नऊ. दुसऱ्या दिवशी तेच. डोमाचं म्हणणं, त्या दोन दिवसांत त्याचंच ब्लडप्रेशर वाढलं. तिसऱ्या दिवशी ती मिठाचा पुडा घेऊन आली. घरात दोन पुडे होतेच. पुढचे काही दिवस रोज मीठ येत राहिलं, कारण तो एक शब्द तिला बोलता यायला लागला होता आणि दुसऱ्याची खात्री नव्हती. अकरा पुडे झाल्यावर बायजाबाई म्हणाल्या, "माय, आता गूळ तरी मांग." दोन दिवसांनी गूळ आला.

सगळं असं सरळ चढत गेलं नाही. चक्कीवर एका बाईनं "अग्गोबाई, बोलते वं ही!" म्हटलं आणि पंधरा दिवस ती घराबाहेर पडली नाही. पटले मॅडम म्हणाल्या, शिडीवरून उतरलं तरी चालतं, शिडी तिथंच असते. दर दुसऱ्या बुधवारी भंडारा चालू राहिलं. भाऊ बाहेरच्या बाकावर. आता त्यांना बाळं ओळखू यायला लागली होती.

मंडईचा हंगाम आला आणि त्यांच्या धंद्यावर याचा परिणाम झाला. साकोलीकडच्या एका गावात कैलाश दुसऱ्या अंकात अडला. गुलाबभाऊंनी सवयीनं मोजायला घेतलं. चौथ्या आकड्याला कैलाशनं घाबरून स्वतःच्या मनानं वाक्य टाकलं, आणि त्यात नायिकेचा बाप एक अंक आधीच वारला. बाप विंगेत चहा पीत होता. नंतर कैलाशनं बरंच ऐकवलं. पण पुढच्या नाटकाला तो पार्ट पाठ करून आला, असंही सांगतात.

डिसेंबराच्या शेवटी वहीत आठव्या पायरीसमोर आकडे दिसले. आधी नऊ, नंतर सहा. बस. गुलाबभाऊंनी वही पाहिली, परत ठेवली. संध्याकाळी रुचिता चुलीपाशी आईला सांगत होती, ते त्यांनी इकडून ऐकलं. "म्हटलं मी. येस सर. सरांनी वर पाह्यलं नाही." आवाज घरातलाच होता, हळू. वर्गात कसा निघाला असेल, याचा त्यावरून काही अंदाज लागत नव्हता. त्यांनी विचारलं असतं तर तिनं करून दाखवलं असतं कदाचित. पण करून दाखवलेलं काय असतं, हे सव्वीस वर्षं विंगेत काढलेल्या माणसाला सांगायला नको.

जानेवारीत कॉलेजनं हजेरी कमी असलेल्यांची यादी लावली. मधल्या काळाबद्दल पटले मॅडमनी पत्र दिलं होतं, ते धरून रुचिताचं नाव त्यात नव्हतं. तिनं घरी तसं सांगितलं. तरी एका गुरुवारी गुलाबभाऊ रोपवाटिकेसाठी पिशव्या आणायच्या म्हणून तुमसरला गेले. पिशव्या दुकानात होत्या. ते कॉलेजात गेले. फलकासमोर उभं राहून त्यांनी यादी वरून खाली वाचली, मग खालून वर. नसलेलं नाव वाचायला वेळ लागतो.

शिपाई म्हणाला, "काका, पोराचं नाव सापडलं का?"

"पोरीचं. नाही सापडलं."

"मंग घरी जा ना खुशाल."

फलकाला लागून अकरावीचा वर्ग आहे. व्हरांड्याच्या बाजूनं दोन खिडक्या, दोन्ही उघड्या. पहिला तास सुरू झाला आणि सरांनी हजेरी घ्यायला घेतली. नंबर, येस सर, नंबर, येस सर. गुलाबभाऊ जिथं उभे होते तिथून एकेक आवाज स्वच्छ ऐकू येत होता. जाड, बारीक, झोपेतला, मुद्दाम रडका काढलेला. बावीस. तेवीस. खिडकीतून कुणाला दिसू नये अशी ती जागा होती. म्हणजे जवळजवळ. पहिल्या बाकावरच्या मुलीनं मान थोडी वळवली असती तर तिला व्हरांड्यातला एक खांदा दिसला असता, आणि तो तिला ओळखू आला असता.

एकोणतीस. तीस.

चार वर्षं ज्यासाठी त्यांनी कान दिला होता ते अकरा नंबर लांब होतं. आणि आता तिचे कान गरम झाले असतील, हेही त्यांना ठाऊक होतं.

चौतीसला गुलाबभाऊंनी चपला हातात घेतल्या, म्हणजे वाजू नयेत, आणि व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकानं उतरून मैदानात गेले. मैदानात आवाज मागे येत होता, पण शब्द नाही. ते फाटकाबाहेर पडले, रस्ता ओलांडला आणि चहाच्या टपरीपाशी पोचून चपला घातल्या. चहावाल्यानं विचारलं, "चाय?" त्यांनी हातानं थांब म्हटलं. वर्गात साठ मुलं आहेत. त्यांनी अंदाजानं, सरांच्या चालीनं, मनातल्या मनात साठपर्यंत मोजलं. मग चहा घेतला, पिशव्या घेतल्या आणि दुपारची नाकाडोंगरीची बस धरली.